पाचवी पेनल्टी

॥ श्री ॥
मनमाड, दि. ७ फेब्रुवारी १९९६

चि. सावळीराम यास लंकाताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

इकडील सर्व खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खुशाल कोणीच नाही. तुझे दाजी रविवारपासून एक अक्षर बोललेले नाहीत. पोरगा भारत फुटबॉलची फायनल संपल्यावर टीमच्या ट्रकमध्ये न बसता परस्पर तुझ्याकडे मखमलाबादला निघून गेला. आणि मी एकटी इथे नळाची वाट बघत बसले आहे. बारा दिवसांनी पाणी आलं, तेही हंड्याचा तळ भिजवून गेलं.

तू मैदानावर होतास, मी नव्हते. मला कळलं ते सगळं ऐकीव. सामना एक-एक असा बरोबरीत सुटला, मग पाच-पाच पेनल्ट्या झाल्या. शेवटच्या पेनल्टीला बॉल गेला भारतच्या उजव्या बाजूला आणि आमच्या चिरंजीवांनी उडी मारली डावीकडे. नाशिकरोडच्या पोरांनी गोदावरी चषक उचलून नेला. मनमाड फायनलला गेलं ते पहिल्यांदाच, त्यामुळे गावाने मिरवणुकीचा बँडही सांगून ठेवला होता. तो बँड सोमवारी गवंड्याच्या मुलीच्या लग्नात वाजला आणि गावातली निम्मी माणसं रागाने जेवायला गेली नाहीत.

आता तुझ्यावर काय काय आळ आहेत ते ऐकून ठेव. पहिला असा की आदल्या दिवशी भारत तुझ्या घरी उतरला आणि तुझ्या बायकोने, पुतळाने, त्याला पुरणपोळ्या खाऊ घातल्या, म्हणून तो जड झाला. दुसरा असा की मिरवणुकीचे हार तू सामन्याच्या आधीच गुंफून मैदानावर आणून ठेवलेस, त्याने दृष्ट लागली. कमिटीचे अध्यक्ष हिरामण अण्णा स्वतः दारात उभे राहून हे मला सांगून गेले. हार लवकर आणा असा निरोप त्यांनीच धाडला होता, ते मात्र विसरले. तरी मी विचारते, सामन्याच्या आदल्या दिवशी पुरणपोळ्या कशाला केल्यात? वरणभात मिळत नाही का नाशकात?

दाजींचं काय सांगू. गार्डची नोकरी संपून दोन वर्षं झाली, पण या सामन्यासाठी माझ्याकडून एक हिरवा आणि एक तांबडा असे दोन नवे झेंडे शिवून घेतले. नाशिकच्या गर्दीत आवाज पोचणार नाही, तेव्हा पेनल्टीला कुठल्या बाजूला उडी मारायची ते लांबूनच झेंड्याने दाखवणार म्हणे. बापलेकांनी आठवडाभर अंगणात त्याची तालीम केली, माझी तुळस दोनदा पाडली. एवढं शिकवूनही पोराने ऐकलं नाही, याचाच राग त्यांच्या मनात बसलाय असं मला वाटतं. भारतचं नाव काढलं की उठून बाहेर जातात.

हे सगळं मी सोसलं असतं रे. पण सोमवारच्या टपालाने भारतला भुसावळहून बोलावणं आलंय. रेल्वेच्या टीमसाठी गोलकीपरची चाचणी, ४ मार्चला. निवड झाली तर नोकरी पक्की. पंचविसाच्या आतलाच मुलगा चालतो आणि ऑगस्टमध्ये त्याला पंचवीस पूर्ण होतात, म्हणजे पुन्हा बोलावणं यायचं नाही. टीममधल्या पोरांकडून त्याने निरोप पाठवलाय की मी खेळ सोडला, हातमोजे कोणाला हवे तर देऊन टाका. मोजे मी पिठाच्या डब्यामागे लपवून ठेवलेत. एसटीडीवरून बोलले असते, पण बूथवाला त्याच टीमचा खजिनदार आहे आणि आपलं बोलणं तो गावाला वाटतो. म्हणून अंतर्देशीय लिहिते. बोलावण्याचं पत्र सोबत घालता येत नाही, ते वेगळ्या पाकिटात धाडते. त्याला वाच म्हणावं.

पुतळाला आणि तुमच्या लेकीला, भाग्यश्रीला, आशीर्वाद. माझ्या बोलण्याचा राग आला तर तो गिळ, पण उत्तर लगेच पाठव.

तुझी,
लंकाताई


॥ श्री ॥
मखमलाबाद, नाशिक, दि. १० फेब्रुवारी १९९६

ती. सौ. लंकाताईस सावळीरामचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं, पाकीटही पोचलं. राग गिळ म्हणालीस, पण पुरणपोळीचं वाचून पुतळाने जो चढवला तो मला गिळायला लागतोय. भारतने त्या दिवशी दीड पोळी खाल्ली. दीड. तुझी सून यायची तेव्हा येईल, पण तिच्यापुढे तरी असलं काही काढू नको. आणि हारांचं म्हणशील तर मनमाडच्या माणसांनी सामना संपल्यावर त्या हारांकडे पाहिलंसुद्धा नाही. झेंडूचे वीस हार घेऊन मी मैदानाच्या फाटकात उभा. शेवटी नाशिकरोडचीच पोरं आली आणि काका, हे आम्हालाच होते ना, असं विचारून गळ्यात घालून गेली. मी नाही म्हणायला गेलो तोवर टोपली रिकामी. आता यातही माझीच फितुरी दिसणार हे मला ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो.

भारत इथे आहे, धडधाकट आहे. पहाटे उठून आमच्याबरोबर तोडणीला येतो. गोलकीपरचे पंजे ते, गुलाबाच्या ताटव्यात काय कामाचे? फुलाबरोबर दोन कळ्या तोडतो. पुतळा मागे फिरून हळूच कळ्या उचलते आणि मला दटावते की पोराला काही बोलाल तर बघा. फुलबाजारात त्याला नेलं तर तिथे नाशिकरोडचे दोन पोरगे भेटले, त्यांनी हात जोडून त्याचे आभार मानले. मला वाटलं आता मारामारी होणार. हा नुसता हसला आणि पाटी डोक्यावर घेऊन चालू लागला. ते हसणं मला अजिबात आवडलं नाही.

भुसावळचं बोलावणं मी त्याच्या हातात दिलं. त्याने वाचलं, घडी घातली आणि माझ्या पंचांगात ठेवून दिलं. जाणार का विचारलं तर नाही म्हणाला. का, तर म्हणे, शेवटच्या वेळी चुकीच्या बाजूला गेलो, ज्याला बाजू कळत नाही त्याने गोलमध्ये उभं राहू नये. एवढंच. तू म्हणतेस त्याने बापाचं ऐकलं नाही. मी तसंच त्याला विचारलं. तर ताटावरून उठला. नंतर परसात येऊन मला म्हणाला, मामा, मला काय बोलायचं ते बोला, नानांविषयी या घरात एक शब्द काढायचा नाही. मी काढलाच कुठे होता? मी तर दाजींचीच बाजू घेत होतो.

ताई, मला हे समजेनासं झालंय. फुटबॉलमध्ये एक हरतो म्हणून तर दुसरा जिंकतो. आमच्याकडे गारपिटीत अख्खी शेवंती गेली तेव्हासुद्धा मी तीन दिवसांच्या वर गप्प बसलो नव्हतो. दाजींना तू सांग काहीतरी. पोरगा त्यांच्या एका पत्राची वाट बघतोय असं मला वाटतं. पोस्टमन आला की तोडणी टाकून बांधावर येतो, आणि पत्र तुझं निघालं की परत जातो.

भाग्यश्री तुला नमस्कार सांगते. पुतळाचा नमस्कार मागाहून, राग उतरल्यावर. माया होती तेवढी ठेव, जास्त मागत नाही.

तुझा,
सावळीराम


॥ श्री ॥
मनमाड, दि. १४ फेब्रुवारी १९९६

चि. सावळीराम यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

दीड पोळी तर दीड. पुतळाला म्हणावं माझी चूक झाली, आणि कळ्या उचलते त्याबद्दल तिची मी ऋणी आहे. तुझे हार नाशिकरोडच्या गळ्यात पडले हे इथे तू सांगायच्या आधीच पोचलंय. त्याचा पुढचा भाग असा की मामानेच भाच्याला फितवलं. भाजी घ्यायला गेले तर अंबूबाई वांगी मापता मापता मला विचारते की नाशिकला जमीन घेतली का हो तुम्ही. मी वांगी तिथेच टाकून आले. घरी येऊन कळलं की पिशवीही तिथेच राहिली. आता ती आणायला जायची माझी छाती नाही.

सगळा गाव माझ्या पोराला विकाऊ म्हणतो आणि त्याचा बाप गप्प बसतो, याचा मला संताप येतो. एरवी हा माणूस गप्प बसणाऱ्यातला आहे का, तूच सांग. चौतीस वर्षं गार्ड होतो, एकदाही चुकीचा झेंडा दाखवला नाही, हे वाक्य त्यांनी तुझ्या लग्नात भटजींना थांबवून ऐकवलं होतं. संध्याकाळी फलाटावर जुन्या गार्ड मंडळींत बसल्याशिवाय त्यांना अन्न पचत नाही. तिथेही दहा दिवसांत गेलेले नाहीत. मंडळी बोलवायला आली तर संडासात जाऊन बसले.

आणि परवा तर मी घाबरलेच. दुपारी स्वयंपाकघरातून डोकावले तर आरशासमोर उभे. एक हात वर, दुसरा खाली. मग आरशाकडे पाठ फिरवली आणि पुन्हा तोच हात वर. पुन्हा तोंड आरशाकडे. असं पाच-सहा वेळा. मला वाटलं खांदा आखडलाय, म्हणून तेल गरम करून नेलं. तर माझ्याकडे असं बघितलं की मी वाटी ठेवली आणि निघून आले. डोक्यावर परिणाम तर नसेल ना झाला? एका बॉलपायी माणूस वेडा होतो का रे?

काल मात्र मी तोंड सोडलं. म्हटलं, भुसावळची तारीख जवळ येतेय, तुम्ही दोन ओळी लिहिल्यात तर पोरगं जाईल. तुमच्या रागापायी त्याचं आयुष्य का नासवता? एवढं बोलले तर ताट तसंच ठेवून उठले. बायकोचं ऐकायचं नाही असा त्यांचा नियम आहे, मेहुण्याचं कदाचित ऐकतील. तू लिही. गोड लिहू नको. गोड लिहिलेलं ते वाचत नाहीत.

१ मार्चच्या आत काहीतरी हलायला हवं, नाहीतर त्या बोलावण्याचा उपयोग पंचांगात खूण म्हणूनच व्हायचा. भारतला माझे आशीर्वाद, आणि मोजे उन्हात घातलेत म्हणून सांग. उत्तराची वाट बघते, एवढी वाट नळाचीही बघत नाही.

तुझी,
लंकाताई


॥ श्री ॥
मखमलाबाद, दि. १७ फेब्रुवारी १९९६

ती. स्व. निवृत्तीदाजी यांचे सेवेशी सावळीरामचा सा. न. वि. वि.

तुम्ही वयाने आणि मानाने मोठे. आजवर तुमच्यापुढे आवाज चढवला नाही, आज कागदावर चढवतो. लहान तोंडी मोठा घास झाला तर थोरल्या मनाने पोटात घाला.

दाजी, पोराने गोल खाल्ला, घर नाही जाळलं. दुसरी पेनल्टी त्यानेच अडवली होती, ते आता कोणाला आठवतही नाही. आपल्या दोघा खेळाडूंनी बॉल बाहेर मारले, त्यांच्याशी तुम्ही अबोला धरलाय का? मग पोराशीच का? तो तुमचा म्हणून? चौतीस वर्षांत तुमचा झेंडा एकदाही चुकला नाही, हे आम्ही प्रत्येक लग्नात आणि बारशात ऐकलं आणि मान डोलावली. पण सगळ्यांनाच तुमच्यासारखं कसं जमेल? पोराचा पाय एकदा चुकला. तुमच्या हिशेबी तेवढीही सूट नाही का?

इथे त्याची काय दशा आहे ते ऐका. दिवसभर फुलं तोडतो. तिन्हीसांजेला गल्लीतली पोरं बॉल घेऊन येतात, मामाच्या गावचा पाहुणा म्हणून बोलावतात. हा ओट्यावर बसून राहतो. काल एक बॉल उडत थेट त्याच्या अंगावर आला. त्याने हात बाजूला घेतले आणि बॉल आमच्या माठावर जाऊन फुटला, म्हणजे माठ. झोपेतसुद्धा बॉल धरणारा पोरगा हा. माठाचं मला काही नाही, पण ते हात बाजूला घेताना बघून पुतळा रडली, आणि मलाही राहवलं नाही.

भुसावळला जाणार नाही असं लिहून द्यायला त्याने कार्ड मागितलंय. मी घरात कार्ड नाही म्हणून खोटं बोललो. दोन दिवस हे खोटं चालेल, फार तर चार. तुमच्याकडून काही आलं नाही तर मी त्याच्यापुढे कार्ड ठेवणार आणि त्यावरचा मजकूर तुमच्या नावे राहणार. याहून कडक मला लिहिता येत नाही.

ताईच्या सांगण्यावरून लिहिलं असं समजू नका, अर्धं तिचं असलं तरी अर्धं माझं आहे. धाकट्याचा अविनय माफ व्हावा, पण विसरला जाऊ नये.

आपला आज्ञाधारक,
सावळीराम


॥ श्री ॥
मनमाड, दि. २० फेब्रुवारी १९९६

चि. सावळीराम यास निवृत्तीचे आशीर्वाद, वि. वि.

पत्र काल दुपारी सव्वा वाजता मिळालं. मजकूर समजला. कडक लिहिलंस ते योग्य केलंस, पण माणूस चुकीचा धरलास. झालं ते क्रमाने लिहितो, कारण मला तसंच लिहिता येतं.

गोलकीपरच्या पाठीमागे उभं राहिलो तर त्याला झेंडा दिसणार नाही. म्हणून ठरलं असं की मी मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, त्याच्या समोर उभं राहायचं. हिरवा झेंडा ज्या बाजूला दिसेल त्या बाजूला त्याने उडी मारायची. समोरासमोर उभं राहिलं की माझा डावा हात त्याच्या उजव्या बाजूला येतो. हे मी त्याला अंगणात वीस वेळा समजावलं. त्याला पहिल्यांदाच समजलं होतं. समजावणं माझ्यासाठी चाललं होतं.

नाशिकरोडचा सात नंबरवाला कायम गोलकीपरच्या उजव्या बाजूला मारतो, हे आम्ही उपांत्य सामन्यात बघून ठेवलं होतं. तो आला की उजवीकडे, हे घरीच पक्कं झालं होतं. चार पेनल्ट्या मी बरोबर दाखवल्या. पाचवीला सात नंबरवाला आला तेव्हा ५ वाजून ४२ मिनिटं झाली होती. मनात उजवीकडे म्हटलं आणि माझा उजवा हात वर गेला.

तू रेल्वेतला नाहीस म्हणून खुलासा करतो. गार्ड गाडीच्या शेपटीला असतो आणि ड्रायव्हर तोंडाला, पण दोघांची तोंडं एकाच दिशेला. ड्रायव्हरचा उजवा तो गार्डचाही उजवा. चौतीस वर्षं मी असाच उभा राहिलो. समोरासमोर उभं राहून कोणाला कधी काही दाखवलं नाही. चार वेळा डोक्याने काम केलं, पाचव्या वेळी हाताने केलं. म्हणून भारतला हिरवा त्याच्या डावीकडे दिसला आणि तो डावीकडे गेला. पोराचा पाय चुकला नाही. झेंडा चुकला.

हात वर गेला त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं. खाली घ्यायला वेळ होता की नव्हता, हे मी सोळा दिवस आरशासमोर तपासतो आहे. भारतने झेंडा बघितला, मग माझ्या तोंडाकडे बघितलं, मग गेला. त्याला चूक दिसली होती का, हे मला माहीत नाही. विचारायची हिंमत नाही. दिसली असेल आणि तरी तो गेला असेल, तर मी त्याच्यापुढे कसा उभा राहू? मला राग कोणाचाच नाही. तुम्ही सगळे राग समजलात आणि मी समजू दिलं. लाज लपवायला रागाचं नाव सोयीचं पडतं. गाव माझ्या पोराला विकाऊ म्हणत होता आणि मी संडासात बसलो होतो, हे लंकेने लिहिलं असेलच.

गुरुवारी, दि. २२ रोजी, हरण्याची कारणं शोधायला कमिटीची बैठक आहे. तिथे मी कारण सांगणार आहे. ते झाल्यावर भारतला सांगावं. आधी नको, आधी कळलं तर तो मला अडवेल. तोवर घरातली कार्डं लपवून ठेव.

पत्राला उत्तर न आलं तरी चालेल, पोरावर लक्ष असू दे.

तुझा,
निवृत्ती


॥ श्री ॥
मनमाड, दि. २३ फेब्रुवारी १९९६

चि. सावळीराम यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

दाजींनी तुला काय लिहिलं ते त्यांनी काल बैठकीला निघताना मला सांगितलं, तेही चपला घालता घालता. मी आपली दारात उभी. मग मीही पदर खोचला आणि मागोमाग गेले. कमिटीच्या बैठकीला बाई जायची ही पहिलीच वेळ, पण कोणाचं लक्षच नव्हतं. सगळे एकमेकांवर ओरडत होते.

दाजींनी आपला काळा कोट घातला होता, आता तो पोटावर बसत नाही. शाळेच्या हॉलमध्ये ते पुढे गेले आणि म्हणाले की सामना माझ्यामुळे हरलो. मग त्यांनी पिशवीतून झेंडे काढले. हिरामण अण्णांना गोलकीपर म्हणून भिंतीपाशी उभं केलं. आधी त्यांच्या मागे जाऊन उजवा हात वर केला, मग पुढे येऊन उजवा हात वर केला, आणि चूक कुठे झाली ते सगळ्यांना दाखवलं. चौतीस वर्षांत पहिला चुकीचा झेंडा मी दाखवला आणि तो माझ्या पोराला दाखवला, असं म्हणाले. सावळ्या, चौतीस वर्षांच्या कष्टाने बांधलेलं घर कोणी आपल्या हाताने पाडावं, तसं मला ते बघवेना.

आणि मग काय झालं असेल? कोणी विश्वासच ठेवला नाही. हिरामण अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. उठून म्हणाले, मुलाला वाचवायला बापाने आयुष्यभराची अब्रू पणाला लावली, असा बाप मनमाडात दुसरा नाही. टाळ्या वाजल्या. दाजी ओरडून सांगताहेत की अहो हे खरं आहे, आणि लोक आणखी टाळ्या वाजवताहेत. विजयी टीमसाठी आणून ठेवलेल्या शाली कमिटीकडे तशाच पडून होत्या. त्यातली एक काढून यांच्या खांद्यावर घातली, हातात नारळ दिला. बापाकडे बघून मुलाला माफ करावं असा ठरावही एकमताने पास झाला. अंबूबाईने माझी वांग्याची पिशवी घरी आणून दिली आणि वर चार लिंबं घातली. डोकं आपटायला भिंत शोधावी अशी माझी गत झाली.

घरी येऊन शाल पांघरूनच ओट्यावर बसले. चपला घालताना सांगितलं तेवढं सोडलं, तर अठरा दिवसांनी माझ्याशी पहिलं वाक्य बोलले. विचारलं, लंके, तुला तरी पटलं ना?

तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू. मला उत्तर द्यायला उशीर झाला. क्षणभरच, पण झाला. माझ्याही मनात आलं होतं की हे पोराला पाठीशी घालताहेत. पटलं म्हणाले मी, पण त्यांनी तो उशीर ऐकला. आता पुन्हा गप्प आहेत. आधीचं गप्प बसणं वेगळं होतं. हे मला सोसवत नाही. खरं बोलून माणूस खोटा पडला.

हे पत्र आणि दाजींचं पत्र, दोन्ही भारतच्या हातात दे. मी सांगितलंय म्हणून दे. मोजे मनमाड-नाशिक पॅसेंजरच्या ओळखीच्या गार्डबरोबर पाठवलेत, स्टेशनवरून घेऊन ये. पुढे काय करायचं ते त्याचं तो ठरवेल, मी थकले.

तुझी,
लंकाताई


॥ श्री ॥
मखमलाबाद, दि. २७ फेब्रुवारी १९९६

ती. नानांच्या चरणी भारतचा सा. न. वि. वि.

मामांनी तुमचं आणि आईचं पत्र वाचायला दिलं. मोजे मिळाले. त्यांना पिठाचा वास येतोय. मामी म्हणते आता माझ्या तळहातावर भाकरी थापता येईल.

तुम्हाला विचारायची हिंमत झाली नाही ते न विचारता सांगतो. मला चूक दिसली होती. सात नंबरवाल्याचं उजवीकडे ठरलेलं, आणि हिरवा डावीकडे. मी तुमच्या तोंडाकडे बघितलं तेव्हा तुमचं तोंड उघडं पडलेलं होतं. त्याने बॉल ठेवला, रेफरीने पुन्हा ठेवायला लावला, म्हणजे विचार करायला मला वेळही मिळाला. तरी मी डावीकडे गेलो. लहानपणापासून मी तुमच्या सांगण्यावर उडी मारत आलो. चोविसाव्या वर्षीसुद्धा स्वतःच्या डोळ्यांपेक्षा तुमच्या हातावर भरवसा जास्त होता. तेवढा भाग माझा. तो मी कोणाला देणार नाही, तुम्हालाही नाही.

घरी आलो नाही कारण तुम्ही काय झालं म्हणून विचारलं असतं आणि तुमच्यापुढे मला खोटं बोलता येत नाही. गावाने मला विकाऊ म्हटलं तर दोन महिन्यांत विसरेल. तुमचा झेंडा चुकला हे मात्र कोणी विसरलं नसतं. म्हणून मी गप्प राहिलो, तुम्हीही गप्प राहिलात, आणि मधल्या मध्ये आईने वांगी सोडली, मामांनी माठ. मामा म्हणतात तुम्हा दोघांनाही एकदा समोरासमोर उभं करून झोडपायला हवं.

काल संध्याकाळी गल्लीतल्या पोरांबरोबर उभा राहिलो. नऊ बॉल अडवले, चार सुटले. सुटलेले चारही मी डोळे उघडे ठेवून बघितले. रविवारी दुपारच्या गाडीने भुसावळला निघतोय. तुम्ही आणि आई मनमाडला त्याच डब्यात चढा, मी खिडकीत असेन. चाचणीच्या वेळी तुम्ही आईशेजारी बसायचं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवायचे. निवड होईल की नाही हे मला माहीत नाही.

आईला सांगा, तिला उशीर झाला याचं तिने मनाला लावून घेऊ नये, ती मैदानावर नव्हती. हिरामण अण्णा नव्हते झेंड्याच्या समोर, कमिटीतलं कोणी नव्हतं. मी होतो. सगळ्या मनमाडने तुम्हाला खोटं पाडलं तरी मी ठरावावर लिहून द्यायला तयार आहे. नाना, चूक तुमचीच होती.

रागावला असाल तर राग घेऊनच या. येताना शाल मात्र घरी ठेवा.

तुमचा,
भारत